कर्लमधली चूक दुरुस्त झाली, पण ती दुरुस्ती तुमच्या गाडीपर्यंत पोहोचली का?

संत तुकाराम नगरच्या मेट्रो स्टेशनवरून खाली उतरलं की वल्लभनगरचं एसटी स्टँड लागतं. थोडं आत गेलं की महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे सगळ्यांचं वायसीएम. पुढे नाशिक फाट्याला वळलं की भोसरी, मोशी आणि मग चाकण.

सकाळी शिफ्टच्या वेळेला या रस्त्यावर उभं राहून बघा. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. चहाच्या टपरीवर पैसे जमा झाल्याचं ओरडून सांगणारा स्पीकर. चौकात कॅमेरा. कंपनीच्या बसमध्ये जीपीएस. सिग्नलला थांबलेल्या नव्या कारमध्ये टीव्हीएवढा स्क्रीन. यातली जवळपास प्रत्येक वस्तू इंटरनेटला जोडलेली आहे.

या वस्तू वेगवेगळ्या कंपन्यांनी बनवल्यात. पण इंटरनेटवरून माहिती आणायची आणि पाठवायची, हे काम करणारा आतला तुकडा अनेकदा एकच असतो. त्याचं नाव कर्ल. तो फुकट मिळतो, कुणीही वापरू शकतो आणि त्याची देखभाल मूठभर माणसं करतात.

११ ऑक्टोबर २०२३ ला या कर्लमधली एक गंभीर चूक दुरुस्त झाली. दुरुस्ती त्याच दिवशी जगासाठी खुली झाली, एक पैसाही न घेता. मग विषय संपला का? तर नाही. खरा प्रश्न तिथूनच सुरू होतो. ती दुरुस्ती तुमच्या फोनमध्ये, गाडीत, कारखान्यातल्या मशीनमध्ये पोहोचली का? आणि ती पोहोचवण्याची जबाबदारी कुणाची?

लायब्ररी म्हणजे नेमकं काय?

पिंपरी-चिंचवडकरांना हे समजावणं सोपं आहे. कार बनवणारी कंपनी प्रत्येक नट-बोल्ट स्वतः बनवत नाही. बोल्ट भोसरीतल्या एका वर्कशॉपमधून येतो, वायरिंग दुसरीकडून, रबरी भाग तिसरीकडून. तोच बोल्ट चार कंपन्यांच्या गाड्यांमध्ये बसतो.

सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. ॲप बनवणारी कंपनी सगळा कोड स्वतः लिहीत नाही. फोटो छोटा करायचा, माहिती कुलूपबंद करायची, सर्व्हरशी बोलायचं, अशा नेहमीच्या कामांसाठी तयार कोड मिळतो. त्याला लायब्ररी म्हणतात. ती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडली की काम झालं.

लायब्ररी ओपन सोर्स असेल, तर तिचा कोड सगळ्यांसमोर उघडा असतो. कुणीही वाचू शकतं, वापरू शकतं, चूक दिसली तर सुधारणा सुचवू शकतं.

बोल्टच्या एका बॅचमध्ये दोष निघाला की तो चारही कंपन्यांच्या गाड्यांमध्ये जातो. लायब्ररीतल्या दोषाचंही तेच होतं. फरक इतकाच की इथे गाड्यांची संख्या हजारांत किंवा लाखांत मोजून भागत नाही. कर्लच्या जगभरातल्या वापराचा अंदाज २० अब्जांहून जास्त ठिकाणांचा आहे. म्हणजे दोन हजार कोटी. पृथ्वीवरच्या माणसांच्या दुपटीहून जास्त.

हे कर्ल बनवलं कुणी?

स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी. १९९६ च्या अखेरीस त्यांना एका चॅट ग्रुपसाठी चलनांचे दर इंटरनेटवरून आपोआप आणायचे होते. त्यासाठी त्यांनी ब्राझीलच्या राफाएल सागुला यांचा एक छोटा प्रोग्रॅम घेतला आणि त्यात भर घालत गेले. मार्च १९९८ मध्ये त्याला कर्ल हे नाव मिळालं. २००० साली त्याची लायब्ररी आली, म्हणजे इतरांना आपल्या सॉफ्टवेअरमध्ये जोडता येईल असं रूप.

आज कर्ल विंडोजमध्ये आहे, ॲपलच्या कॉम्प्युटरमध्ये आहे, टीव्ही, प्रिंटर आणि गेम खेळायच्या मशीनमध्ये आहे. आणि गाड्यांमध्येही आहे.

गाड्यांचा एक मजेशीर किस्सा आहे. कर्ल वापरताना त्याच्या परवान्याचा मजकूर दाखवावा लागतो आणि त्यात स्टेनबर्ग यांचा ईमेल पत्ता असतो. तो मजकूर कारच्या स्क्रीनवर कुठेतरी आत सापडतो. त्यामुळे जगभरातले कारमालक त्यांना ईमेल पाठवतात, की माझ्या गाडीचं नेव्हिगेशन चालत नाही, काय करू? स्टेनबर्ग यांचा त्या गाडीशी काही संबंध नसतो. पण तक्रार कुणाकडे करायची हे माहीत नसल्यावर माणूस जो पत्ता दिसेल तिथे लिहितो.

किस्सा गमतीचा आहे, पण लक्षात ठेवा. पुढे तोच उपयोगी पडणार आहे.

२०२३ मध्ये काय घडलं?

३० सप्टेंबर २०२३ ला एका संशोधकाने कर्लच्या टीमला गुपचूप कळवलं की कोडमध्ये एक धोकादायक चूक आहे. अशा वेळी लगेच बोभाटा करायचा नसतो. आधी दुरुस्ती तयार करायची, मोठ्या वितरकांना खाजगीत सावध करायचं आणि मग ठरलेल्या दिवशी चूक आणि दुरुस्ती एकत्र जाहीर करायची, अशी पद्धत आहे. आधी चूक जाहीर केली तर चोराला घराचा पत्ता मिळतो आणि घरमालकाला कुलूप मिळायचं असतं.

कर्लने ११ ऑक्टोबर ही तारीख आधीच जाहीर केली आणि बऱ्याच काळातली ही सर्वात गंभीर चूक असल्याचं सांगितलं. जगभरातल्या आयटी टीमचा तो आठवडा ताणात गेला.

चूक काय होती, हे एका उदाहरणाने समजून घेऊ. एखादा फॉर्म आहे. नाव लिहायला २५५ चौकोन आहेत. नाव त्याहून मोठं असेल तर कारकुनाने वेगळा फॉर्म घ्यायचा, असा नियम आहे. कारकुनाने नाव बघितलं, मोठं आहे हे त्याच्या लक्षातही आलं. पण तेवढ्यात पलीकडच्या खिडकीवरून उत्तर यायला उशीर झाला. तो थांबला, पुन्हा कामाला लागला आणि वेगळा फॉर्म घ्यायचं विसरला. लांबलचक नाव त्याच फॉर्मवर लिहीत गेला. चौकोन संपले तरी लिहीत राहिला आणि शेजारच्या कागदावरचा मजकूर खोडला गेला.

कॉम्प्युटरच्या मेमरीत नेमकं हेच घडत होतं. सॉक्स-५ नावाच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत जोडणी करताना वेबसाइटचं नाव फार मोठं असेल आणि मध्यस्थ हळू उत्तर देत असेल, तर कर्ल ठरलेल्या जागेच्या बाहेर लिहायचं. हल्लेखोराने ते नाव हुशारीने रचलं, तर शेजारच्या मेमरीत आपल्याला हवं ते घुसवायची संधी त्याला मिळू शकत होती.

ही चूक २०२० च्या सुरुवातीला कोडमध्ये शिरली होती आणि १,३१५ दिवस तशीच राहिली. साडेतीन वर्षांहून जास्त. ती स्टेनबर्ग यांनी स्वतःच केली होती. ते त्यांनी लपवलं नाही. आपण ही चूक कशी केली, याचा सविस्तर लेख त्यांनी त्याच दिवशी प्रसिद्ध केला. चूक शोधणाऱ्याला ४,६६० डॉलरचं बक्षीस मिळालं.

म्हणजे सगळ्यांचे फोन हॅक होऊ शकत होते का?

नाही, आणि हे नीट समजून घ्यायला हवं. कारण अशी बातमी आली की व्हॉट्सॲपवर "तुमचा मोबाईल धोक्यात" असे मेसेज फिरायला लागतात.

हा हल्ला जमायला बऱ्याच अटी एकत्र याव्या लागत होत्या. प्रोग्रॅम सॉक्स-५ मध्यस्थ वापरत असला पाहिजे, वेबसाइटचा पत्ता शोधायचं काम त्या मध्यस्थाकडे दिलेलं असलं पाहिजे, मध्यस्थ हळू असला पाहिजे आणि प्रोग्रॅमने राखून ठेवलेली मेमरीची जागा ठराविक मापापेक्षा लहान असली पाहिजे. कर्लचं कमांड टाइप करून वापरायचं साधन नेहमीच्या वापरात मोठी जागा घेतं, त्यामुळे ते सहसा सुरक्षित होतं. धोका मुख्यतः लायब्ररी आत जोडलेल्या आणि मध्यस्थामार्फत चालणाऱ्या सॉफ्टवेअरला होता.

तरीही चूक गंभीर का धरली गेली? कारण दोन हजार कोटी ठिकाणी नेमकं कुठे कशी जोडणी आहे, हे कर्ल बनवणाऱ्यांना माहीत नसतं. बोल्ट बनवणाऱ्याला तो बोल्ट ब्रेकमध्ये बसला की सीटखाली, हे कळत नसेल, तर तो वाईटातलं वाईट धरूनच चालणार.

दुरुस्ती किती दिवसांत पोहोचली?

इथे चित्र एकदम बदलतं.

डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वितरकांनी ११ ऑक्टोबरलाच दुरुस्ती दिली. त्यांना आधी सावध केलेलं होतं. ज्या सर्व्हरवर आपोआप अपडेट होतात, तिथे काम तिथल्या तिथे संपलं.

विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टने दुरुस्त केलेलं कर्ल १४ नोव्हेंबर २०२३ च्या मासिक अपडेटमधून दिलं. म्हणजे ३४ दिवसांनी. या काळात कंपन्यांची सुरक्षा तपासणारी सॉफ्टवेअर लाल झेंडे दाखवत होती आणि आयटी विभागाच्या हातात फारसं काही नव्हतं. असंच आधीही घडलं होतं. लाल झेंडा दिसतो म्हणून काही जणांनी विंडोजच्या आतली कर्लची फाइलच उडवून टाकली आणि मग विंडोजचे पुढचे अपडेट अडकायला लागले. तसं करू नका, असं स्टेनबर्ग यांना एप्रिल २०२३ मध्ये जाहीरपणे सांगावं लागलं होतं.

आणखी एक गोंधळ असतो. डेबियनसारखे वितरक जुनीच आवृत्ती ठेवून तिच्यात फक्त दुरुस्ती बसवतात. आवृत्तीचा आकडा जुना दिसतो, पण आतला दोष गेलेला असतो. त्यामुळे नुसता आकडा बघून घाबरणाराही चुकतो आणि निर्धास्त राहणाराही.

तिसरा गट आहे वस्तूंचा. राउटर, कॅमेरा, हजेरीचं मशीन, कारचा स्क्रीन, कारखान्यातलं कंट्रोल पॅनल. यांच्यात दुरुस्ती बसवायची तर वस्तू बनवणाऱ्या कंपनीने नवं सॉफ्टवेअर तयार करायचं, तपासायचं आणि पाठवायचं. कंपनीने ते मॉडेल बंद केलं असेल, तर? कंपनीच बंद झाली असेल, तर? मग दुरुस्ती जगात असते, पण त्या वस्तूत कधीच पोहोचत नाही.

दुरुस्ती पाठवणाराच नसेल, तर?

याचं सर्वात ठळक उदाहरण डिसेंबर २०२० मधलं. फोरस्काउट या सुरक्षा कंपनीने चार ओपन सोर्स लायब्रऱ्यांमध्ये ३३ चुका शोधल्या आणि या सगळ्यांना मिळून ॲम्नेशिया-३३ असं नाव दिलं. या लायब्रऱ्या छोट्या उपकरणांना नेटवर्कवर बोलायला शिकवतात. सेन्सर, कॅमेरे, स्मार्ट दिवे, बारकोड आणि टॅग वाचणारी मशिनं, कारखान्यांतली नियंत्रणं, अशा वस्तूंमध्ये त्या बसलेल्या होत्या.

दीडशेहून जास्त उत्पादकांना त्याचा फटका बसल्याचा अंदाज होता. अडचण अशी की यातले काही प्रकल्प नीट सांभाळले जात नव्हते. शिवाय लायब्ररी एका चिपवाल्याकडून दुसऱ्या सुटे भागवाल्याकडे आणि तिथून तिसऱ्या कंपनीकडे गेली होती. शेवटच्या वस्तूवर ज्या कंपनीचं नाव छापलंय, तिलाच आपल्या डब्यात ही लायब्ररी आहे हे माहीत नसण्याची शक्यता होती.

जे आहे हेच माहीत नाही, ते दुरुस्त कसं करणार?

याचा पिंपरी-चिंचवडशी काय संबंध?

सरळ संबंध आहे. हा पट्टा वस्तू बनवतो आणि वापरतोही.

आधी वापराचं बघू. फेब्रुवारी २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या निगडीतल्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर. २७ सर्व्हरना फटका बसला, बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली आणि सुमारे ५ कोटी रुपयांचं नुकसान झालं, असं निगडी पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीत म्हटलं होतं. हा हल्ला कर्लमुळे झालेला नव्हता. पण शहराच्या सेवा सर्व्हरवर गेल्या की सर्व्हर बंद पडणं हा शहराचा प्रश्न होतो, हे त्या वेळी दिसलं.

दुसरं उदाहरण २०१७ चं. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून जगभर पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीला त्याचा तडाखा बसला. तिच्याशी संबंधित जेएनपीटीमधल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं, कंटेनर खोळंबले. पुणे पट्ट्यातला निर्यातीचा माल याच बंदरातून जातो. मर्स्कचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

यातली बोचणारी गोष्ट अशी. नॉटपेट्याने पसरायला विंडोजमधल्या ज्या त्रुटीचा वापर केला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. मे महिन्यात वॉनाक्राय या व्हायरसने तीच त्रुटी वापरून जगभर गोंधळ घातला. त्यानंतरही जूनमध्ये अनेक कॉम्प्युटरवर ती दुरुस्ती बसलेली नव्हती. साडेतीन महिने औषध कपाटात होतं, घेतलं कुणी नाही.

मग कंपन्या अपडेट का करत नाहीत?

आळस हे एकच कारण नाही.

कारखान्यात मशीन थांबवणं म्हणजे लाइन थांबवणं. लाइन थांबली की पुढच्या कंपनीला माल वेळेत जात नाही आणि दंड बसतो. त्यामुळे अपडेटचं काम वार्षिक शटडाऊनवर किंवा दिवाळीच्या सुट्टीवर ढकललं जातं. कित्येक मशीनसोबत आलेला कॉम्प्युटर जुन्या विंडोजवर चालतो आणि मशीन पुरवणारा सांगतो, त्याला हात लावलात तर वॉरंटी गेली. ज्या छोट्या वर्कशॉपमध्ये पंधरा-वीस माणसं काम करतात, तिथे वेगळा आयटीवाला नसतोच. कॉम्प्युटर बिघडला की एक ओळखीचा मुलगा येतो.

रुग्णालयाची अडचण आणखी वेगळी. तपासणीच्या मशीनमधलं सॉफ्टवेअर बदललं आणि रीडिंग चुकलं, तर? त्यामुळे उत्पादकाने तपासून दिल्याशिवाय तिथे अपडेट टाकता येत नाही.

शिवाय अपडेटची भीती अगदीच खोटी नाही. नॉटपेट्या युक्रेनमध्ये शिरला तोच एका हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. मार्च २०२४ मध्ये तर ओपन सोर्स जगाला मोठा धक्का बसला. एक्सझेड या लायब्ररीत एकाने दोनेक वर्षं प्रामाणिक मदतनीस बनून विश्वास मिळवला आणि मग नव्या आवृत्तीत चोरदरवाजा बसवला. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड यांना सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून ते उघड झालं. तो कोड तोवर मोठ्या प्रमाणावर पसरलेला नव्हता.

यातून अपडेट करू नये असा धडा निघत नाही. एक्सझेडसारखी प्रकरणं क्वचित घडतात, जुन्या त्रुटीतून होणारे हल्ले नेहमीचे आहेत. धडा असा की अपडेट कुठून आलं, कुणी तपासलं आणि ते आपल्याकडे कुठे कुठे बसलंय, याची नोंद हवी.

नोंद ठेवायची म्हणजे काय करायचं?

हे काम चाकण आणि भोसरीला नवीन नाही. इथल्या प्रत्येक व्हेंडरला बीओएम माहीत असतो, म्हणजे बिल ऑफ मटेरियल्स. गाडीत कोणता भाग, कुणाकडून, कोणत्या बॅचचा. फोर्जिंगवाले तर स्टीलचा हीट नंबरही लिहून ठेवतात. उद्या बॅचमध्ये दोष निघाला, तर कोणत्या चासी नंबरच्या गाड्या परत बोलवायच्या, हे त्यावरून कळतं. सदोष गाड्या परत मागवायला लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने सरकारलाही मिळाला आहे.

सॉफ्टवेअरच्या अशाच यादीला एसबॉम म्हणतात, सॉफ्टवेअर बिल ऑफ मटेरियल्स. या वस्तूत कर्ल आहे का? कोणत्या आवृत्तीचं? कुणी जोडलं? यादी असेल तर ११ ऑक्टोबरला उत्तर तासाभरात मिळतं. यादी नसेल तर महिनाभर फोनाफोनी चालते आणि तरी खात्री होत नाही.

देशाच्या सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये एसबॉमबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सरकारी संस्था, अत्यावश्यक सेवा आणि सॉफ्टवेअर निर्यात करणाऱ्यांसाठी त्या आहेत. त्याआधी एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत कळवणं बंधनकारक झालं होतं. म्हणजे हल्ला झाल्यावर काय करायचं याची सक्ती आधी आली, हल्ला होऊ नये म्हणून काय ठेवायचं याची सूचना नंतर.

गाड्यांसाठी पुण्यातल्या एआरएआयने एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानकं प्रसिद्ध केली आहेत. पहिलं वाहनाच्या सायबर सुरक्षेबद्दल, दुसरं वाहनातल्या सॉफ्टवेअर अपडेटबद्दल. युरोपात याच धर्तीचा नियम जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू आहे.

युरोपला सुटे भाग, सेन्सर किंवा मशीन पाठवणाऱ्या उद्योजकांनी आणखी एका कायद्याकडे लक्ष द्यायला हवं. सायबर रेझिलियन्स ॲक्ट. सॉफ्टवेअर असलेली वस्तू युरोपात विकायची तर ११ डिसेंबर २०२७ पासून एसबॉम आणि ठराविक वर्षं सुरक्षा अपडेट देणं बंधनकारक होईल. प्रत्यक्ष हल्ल्यासाठी वापरली जाणारी त्रुटी २४ तासांत कळवण्याची अट तर ११ सप्टेंबर २०२६ पासूनची आहे. दंड दीड कोटी युरोपर्यंत किंवा जागतिक उलाढालीच्या अडीच टक्क्यांपर्यंत, जे जास्त असेल ते.

फुकटच्या लायब्ररीची किंमत कोण मोजतं?

या सगळ्या साखळीच्या अगदी टोकाला स्टेनबर्ग यांच्यासारखी माणसं असतात. २०२५ मधल्या एका भाषणात त्यांनी कर्ल वापरणाऱ्या ४७ कार ब्रँडची यादी दाखवली. त्यातला एकही ब्रँड त्यांना पैसे देत नव्हता.

हे नवं नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीत हार्टब्लीड नावाची चूक सापडली. जगातल्या लाखो सुरक्षित वेबसाइटवर पासवर्ड फुटण्याची वेळ आली. तेव्हा कळलं की इंटरनेटवरचे आर्थिक व्यवहार ज्या कोडवर चालतात, त्याला वर्षाला सुमारे दोन हजार डॉलर देणगी मिळत होती.

आता त्यात एआयची भर पडली आहे. बक्षिसाच्या आशेने लोक चॅटबॉटकडून चुकांचे खोटे अहवाल बनवून पाठवतात. प्रत्येक अहवाल तपासायला माणसाचा वेळ जातो. कर्लने २०१९ पासून एक लाख डॉलरहून जास्त बक्षिसं वाटली होती. खोट्या अहवालांना कंटाळून ती योजना जानेवारी २०२६ च्या अखेरीस बंद करण्यात आली. गंमत म्हणजे जाणकार माणसाने वापरलं तर तेच एआय कामालाही येतं. २०२५ मध्ये अशाच साधनांनी कर्लमधल्या अनेक खऱ्या चुका सापडल्या आणि दुरुस्तही झाल्या.

तुम्ही काय करू शकता?

कर्ल तुम्हाला स्वतः अपडेट करायचं नाही. ते ज्यात बसलंय ती वस्तू अपडेट ठेवायची आहे.

फोन आणि कॉम्प्युटरचे सुरक्षा अपडेट आपोआप सुरू ठेवा. फोनला शेवटचा सुरक्षा अपडेट कधी आला, हे सेटिंगमध्ये दिसतं. दोन-तीन वर्षं काही आलं नसेल, तर त्या फोनवर बँकेचं काम करणं टाळा.

घरातला वायफाय राउटर आणि सोसायटीचे कॅमेरे सर्वात दुर्लक्षित असतात. बसवणाऱ्याला विचारा, याचं सॉफ्टवेअर शेवटचं कधी अपडेट झालं? कंपनी अजून अपडेट देते का? सोबत आलेला पासवर्ड बदला.

नवी कार घेताना मायलेज विचारता तसं हेही विचारा, की स्क्रीनच्या सॉफ्टवेअरला किती वर्षं अपडेट मिळणार? ते घरबसल्या येतात की सर्व्हिस सेंटरला जावं लागतं?

वर्कशॉप चालवत असाल तर एका वहीपासून सुरुवात करा. नेटवर्कला जोडलेली प्रत्येक मशीन, तिचं मॉडेल, पुरवठादार आणि शेवटच्या अपडेटची तारीख. जे मशीन अपडेट होऊच शकत नाही, ते ऑफिसच्या इंटरनेटपासून वेगळं ठेवा. पुढची मशीन घेताना सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे पर्चेस ऑर्डरमध्ये लिहून घ्या.

थोडक्यात काय?

कर्लच्या बाबतीत व्यवस्थेचा पहिला भाग उत्तम चालला. चूक सापडली, गुपचूप कळवली गेली, बारा दिवसांच्या आत दुरुस्त झाली आणि करणाऱ्याने ती जाहीर कबूल केली. दुसरा भाग, म्हणजे ती दुरुस्ती शेवटच्या वस्तूपर्यंत नेणं, कुणा एकाच्या नावावर नाही. लायब्ररीवाला म्हणतो मी दिली, वस्तूवाला म्हणतो पुरवठादाराने द्यावी, पुरवठादार म्हणतो ते मॉडेल बंद झालं.

म्हणूनच कारमालक स्वीडनला ईमेल पाठवतो. गाडी विकणाऱ्याने सॉफ्टवेअरची जबाबदारी किती वर्षं घेतली आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. बोल्टचा हीट नंबर सांगू शकणाऱ्या या पट्ट्याला सॉफ्टवेअरची यादी ठेवणं अवघड नाही. गिऱ्हाईक ती मागायला लागलं, की कारखानेही ठेवायला लागतील.